न्यूरेंबर्गचा क्लारा मठ: दार उघडे ठेवून संपवलेले एक घर

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात पेग्निट्झ नदीच्या दक्षिणेला संत क्लारेच्या नावाचे एक चर्च आजही उभे आहे. मध्ययुगात या चर्चला लागून स्त्रियांचा एक मठ होता. १५२५ साली तेथे सुमारे ६० भगिनी राहत होत्या. त्याच वर्षी शहराच्या नगरसभेने कॅथलिक चर्चपासून फारकत घेणारी ल्यूथरप्रणीत धर्मसुधारणा उघडपणे स्वीकारली आणि शहरातील मठ संपवण्याचे पाऊल उचलले. ऑगस्टिनियन, कार्मेलाइट, कार्थुसियन आणि बेनेडिक्टाइन या पुरुषांच्या चार मठांनी फारशी खळखळ न करता आपली घरे आणि मालमत्ता नगरसभेच्या स्वाधीन केली. क्लारा मठाने तसे केले नाही. सैन्य, कर, न्यायालय आणि प्रवचनपीठ असे सर्व काही नगरसभेच्या हाती असतानाही, ज्यांना रस्त्यावर पाऊल ठेवण्याचीसुद्धा मुभा नव्हती अशा या स्त्रियांना ती बाहेर काढू शकली नाही. तरीही शतक संपता संपता मठ उरला नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरल्या, हे पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

मठाची घडण

या घराचा आरंभ तेराव्या शतकाच्या मध्यास झाला. तेव्हा ते क्लारा संप्रदायाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन परंपरेतल्या स्त्रियांच्या संघाचे, नव्हते. मारिया माग्दालेनेच्या नावाने चालणाऱ्या पश्चात्तापी भगिनींच्या संघाचे ते घर होते. १२७४ साली लियों येथे भरलेल्या धर्मपरिषदेने नव्याने उदयास आलेल्या अनेक लहान संघांना पुढे वाढण्यास मनाई केली. त्याचा फटका या भगिनींनाही बसला आणि १२७९ साली त्यांनी क्लारा संप्रदायाचा नियम स्वीकारला. त्यानंतर त्यांच्या आध्यात्मिक देखरेखीची जबाबदारी शहरातील फ्रान्सिस्कन साधूंकडे आली. मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी), पापनिवेदन, प्रवचन आणि मरणासन्न भगिनीचे अंतिम संस्कार या सर्वांसाठी हा मठ पुढची अडीचशे वर्षे त्या साधूंवर अवलंबून होता. हे अवलंबित्व लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण १५२५ मध्ये पहिला घाव नेमका तेथेच पडला.

१४५२ साली फ्रान्सिस्कन प्रवचनकार जोव्हान्नी दा कापिस्त्रानो न्यूरेंबर्गला आले. त्याच सुमारास मठाने कडक नियमपालनाची सुधारणा स्वीकारली. खासगी मालमत्ता गेली, एकांतवास कठोर झाला, आणि या शिस्तीचा लौकिक इतका पसरला की १४५५ मध्ये ब्रिक्सनचे बिशप निकोलाउस फॉन कूस यांनी आपल्या प्रदेशातील क्लारा मठाला वळण लावण्यासाठी न्यूरेंबर्गच्या भगिनींना बोलावून घेतले. ब्रिक्सनच्या भगिनींना ती सुधारणा नको होती. म्हणजे ज्या मठाने पुढे बाहेरून लादलेल्या सुधारणेला विरोध केला, त्याच मठातल्या स्त्रिया सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या मठावर लादलेल्या सुधारणेचे साधन झाल्या होत्या. यामुळे १५२५ मधील अन्याय कमी ठरत नाही. मात्र मठ म्हणजे बाहेरच्या जगापासून अलिप्त, निरागस बेट होते, अशी समजूत असेल तर ती येथेच सोडावी लागते.

दुसरा मुद्दा नात्यागोत्याचा आहे. न्यूरेंबर्गवर मोजक्या कुलीन व्यापारी घराण्यांचे राज्य होते, आणि क्लारा मठातल्या भगिनी मुख्यतः त्याच घराण्यांतल्या होत्या. नगरसभेच्या बाकांवर बसणारे पुरुष आणि बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवणाऱ्या मठाच्या जाळीआड राहणाऱ्या स्त्रिया एकमेकांचे वडील, मुली, भाऊ, बहिणी आणि आत्या होत्या. मठाच्या ऐहिक कारभारावर लक्ष ठेवण्यासाठी नगरसभा आपल्यातलाच एक पालक नेमत असे. १५२५ साली हे पद कास्पार नुट्झेल यांच्याकडे होते. धर्मसुधारणेची ठिणगी ठरलेले ल्यूथरचे ९५ सिद्धान्त जर्मन भाषेत आणणारे ते हेच, आणि त्यांची स्वतःची मुलगी क्लारा या मठात दीक्षा घेऊन राहत होती.

कारितास पिर्कहाइमर

मठाध्यक्षा कारितास यांचा जन्म १४६७ साली आइखश्टेट येथे झाला. त्यांचे मूळ नाव बार्बारा. वडील बिशपच्या सेवेत असलेले कायदेपंडित होते, आणि मुलींनाही लॅटिन शिकवावे अशी त्या घराची रीत होती. बाराव्या वर्षी, म्हणजे १४७९ मध्ये, त्या क्लारा मठात आल्या आणि डिसेंबर १५०३ मध्ये मठाध्यक्षा म्हणून निवडून आल्या. त्यांचा धाकटा भाऊ विलिबाल्ड हा त्या काळातल्या जर्मनीतील अग्रगण्य मानवतावादी विद्वानांपैकी एक आणि चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर यांचा जिवलग मित्र होता. कवी कॉनराड सेल्टिस यांनी दहाव्या शतकातील गांडर्सहाइमच्या ह्रोत्स्विथा या लेखिकेच्या लॅटिन रचना १५०१ मध्ये छापल्या, तेव्हा त्याची एक प्रत त्यांनी कारितास यांना भेट दिली. एका स्त्रीमठातल्या लेखिकेचे पुस्तक साडेपाचशे वर्षांनी दुसऱ्या स्त्रीमठातल्या विदुषीच्या हाती पोहोचले, ही घटना मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. १५११ मध्ये ड्युरर यांची मरियेच्या जीवनावरील काष्ठचित्रमाला पुस्तकरूपाने निघाली, तीही कारितास यांनाच अर्पण केलेली होती.

या कीर्तीची किंमतही त्यांना मोजावी लागली. मठाध्यक्षा झाल्यावर फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना लॅटिनमध्ये पत्रे लिहिण्यास मनाई केली, आणि विलिबाल्ड त्यामुळे संतापले. कारितास यांनी ती आज्ञा पाळली. पुढे ज्या साधूंसाठी त्यांनी नगरसभेशी झुंज दिली, ते साधू असे होते. म्हणजे ती झुंज साधूंच्या प्रेमापोटी नव्हती. आपल्या मठाचा गुरू कोण असावा हे आपण ठरवायचे, की शहराने, हा त्यातला प्रश्न होता.

१५२५: दबावाची वाटचाल

मार्च १५२५ मध्ये नगरसभेने शहरातील धर्मोपदेशकांची सार्वजनिक चर्चा घडवून आणली. ती ३ ते १४ मार्चदरम्यान झाली आणि तिचा निकाल काय लागणार हे आधीच उघड होते. सुधारणेचा पक्ष जिंकला, आणि १९ मार्चला नगरसभेचे प्रतिनिधी क्लारा मठात आले. फ्रान्सिस्कन साधू यापुढे येथे मिस्सा करणार नाहीत, प्रवचन देणार नाहीत आणि पापनिवेदनही ऐकणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या जागी नगरसभा आपल्या पसंतीचे उपदेशक देणार होती.

कारितास यांनी यावर एकटीने उत्तर दिले नाही. त्यांनी सर्व भगिनींना एकत्र बोलावले, प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला, त्यांची मते घेतली आणि संपूर्ण मठाच्या नावाने नगरसभेला निवेदन पाठवले. ही पद्धत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मठाध्यक्षा हट्टी आहे आणि बाकीच्या बिचाऱ्या तिच्या धाकात आहेत, ही नगरसभेची आवडती समजूत होती. प्रत्येक निवेदनावर साऱ्या मठाची संमती असल्यामुळे त्या समजुतीला आधार उरत नसे. निवेदनातला युक्तिवादही नेमका होता. श्रद्धेच्या बाबतीत कोणावर सक्ती नको, असे तुम्हीच सांगता. मग आमच्यावर सक्ती का? नव्या उपदेशकांची प्रवचने आम्ही ऐकू, पण ज्यांच्यावर आमचा विश्वास नाही त्यांच्यापुढे पापनिवेदन करणार नाही. तसा गुरू मिळणार नसेल, तर आम्ही त्याविना राहू.

आणि त्या तशा राहिल्या. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. ज्यांच्या दिवसाची घडीच या गोष्टींवर बसलेली होती, त्या स्त्रियांसाठी याचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकाने थोडे थांबून समजून घ्यायला हवे. आपल्यातली एखादी भगिनी आजारी पडली, तर ती अंतिम संस्काराविना जाणार, हे त्यांना ठाऊक होते. दरम्यान पोलिआंडर, ओसियांडर आणि इतर उपदेशक मठाच्या चर्चमध्ये येऊन भगिनींना त्यांचे जीवन कसे व्यर्थ आहे हे ऐकवत होते. बाहेर रस्त्यावर शिव्याशाप आणि दगडफेक होत होती. फ्रांकोनियात शेतकऱ्यांचे युद्ध पेटले होते, मठ जाळले जात होते, आणि न्यूरेंबर्गच्या मठांनाही त्याची झळ लागेल अशी भीती होती.

जूनच्या आरंभी नगरसभेने पाच मागण्या पुढे केल्या आणि त्यासाठी चार आठवड्यांची मुदत दिली. मठाध्यक्षेने भगिनींना व्रतांतून मुक्त करावे. ज्यांना जायचे आहे त्यांना जाऊ द्यावे, आणि आईवडिलांना आपली मुलगी तिच्या मनाविरुद्धही नेता यावी. मठाचा वेश सोडावा. नातेवाइकांशी बोलण्याच्या जागी चेहरा दिसेल अशी खिडकी बसवावी. आणि मालमत्तेची यादी द्यावी. खिडकी आणि यादी यांबाबत मठाने नमते घेतले. व्रतांविषयी कारितास यांचे उत्तर ठाम होते: भगिनींनी व्रत मला दिलेले नाही, देवाला दिले आहे, जे माझ्या हाती नाही ते मी सोडू कशी?

कायदेपंडिताच्या मुलीचे हे उत्तर होते, आणि त्यातली धार नगरसभेलाही कळली असणार. मठाध्यक्षेकडून एक सही मिळवून मठ मोकळा करण्याचा सरळ मार्ग या उत्तराने बंद झाला. आता प्रत्येक भगिनीला स्वतंत्रपणे विचारावे लागणार होते, आणि स्वतंत्रपणे विचारल्यावर त्या 'नाही' म्हणत होत्या.

१४ जून

दुसऱ्या मागणीची अंमलबजावणी ख्रिस्तशरीराच्या सणाच्या आदल्या दिवशी, १४ जूनला झाली. मार्गारेटा टेट्झेल, काटारिना एबनर आणि क्लारा नुट्झेल या तीन तरुण भगिनींच्या माता नगरसभेच्या प्रतिनिधींना आणि बऱ्याच नातलगांना घेऊन मठात आल्या. काटारिनाचे वडील हिरोनिमुस एबनर हे शहराच्या सर्वोच्च कारभाऱ्यांपैकी एक, आणि क्लाराचे वडील मठाचे पालक. मुलींना आत बोलावून विचारण्यात आले. तिघींनीही जाण्यास नकार दिला. काटारिना एबनर हिने तर धर्मशास्त्रातले दाखले देत उभ्याउभ्या आपली बाजू इतकी मांडली की ऐकणारे पुरुषही स्तिमित झाले. ज्या पक्षाचा आग्रहच असा होता की प्रत्येक ख्रिस्ती माणसाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा, त्या पक्षासमोर ही मुलगी धर्मग्रंथच उघडून बोलत होती.

उत्तर देणे शक्य झाले नाही, तेव्हा बळ वापरले गेले. कारितास यांनी लिहून ठेवले आहे की एकेका मुलीला चार-चार जणांनी धरले. दोघे पुढून ओढत होते आणि दोघे मागून ढकलत होते. त्या उंबऱ्यावर एकमेकींवर पडल्या. एका आईने मुलीला पायऱ्यांवरून खाली लोटण्याची धमकी दिली. एकीच्या तोंडावर असा फटका बसला की रक्त वाहू लागले. मठाचा वेश काढून त्यांच्या अंगावर घरचे कपडे चढवण्यात आले. बाहेर इतकी गर्दी जमली होती की जणू कोणाला फाशी देण्यास नेत आहेत. मुली गाडीतून ओरडून सांगत होत्या की आमच्यावर जबरदस्ती होत आहे. गर्दीतल्या काही भाडोत्री सैनिकांनीसुद्धा हळहळ व्यक्त केली.

याच्या आदल्याच दिवशी, १३ जून १५२५ रोजी, विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथर यांनी काटारिना फॉन बोरा यांच्याशी विवाह केला. त्या स्वतः निम्बशेनच्या स्त्रीमठातून १५२३ साली आपल्या इच्छेने पळून आलेल्या भगिनी होत्या. हे उदाहरण नगरसभेच्या बाजूने ठेवायलाच हवे. लहान वयात घरच्यांनी मठात टाकलेल्या आणि तेथे घुसमटलेल्या स्त्रिया त्या काळी खरोखर होत्या, आणि त्यांच्यासाठी दार उघडणे हे न्यायाचे काम होते. न्यूरेंबर्गच्या नगरसभेला आपण तेच करत आहोत असे वाटत असावे. पण निम्बशेनमधून ज्या बाहेर पडल्या त्यांना बाहेर पडायचे होते, आणि न्यूरेंबर्गच्या तिघींना नव्हते. पूर्वी वडिलांच्या अधिकाराने मुलगी मठात जात असे. आता त्याच अधिकाराने ती मठातून ओढून काढली जात होती. दोन्ही वेळी तिला मत असू शकते हे कोणाच्या हिशेबात नव्हते. या प्रकरणातली मूळ गाठ मला येथे दिसते: १५२५ च्या वादात विवेकाचे स्वातंत्र्य हा शब्द दोन्ही बाजूंच्या तोंडी होता, पण तो स्त्रीलाही लागू आहे असे गृहीत धरून बोलणारा पक्ष एकच होता, आणि तो जाळीच्या आत होता.

मेलांख्टन यांची भेट

नोव्हेंबर १५२५ मध्ये फिलिप मेलांख्टन न्यूरेंबर्गला आले. शहराला नवी उच्च शाळा काढायची होती आणि त्यासाठी ल्यूथर यांच्या या विद्वान सहकाऱ्याचा सल्ला हवा होता. ती शाळा पुढच्याच वर्षी सुरू झाली. या मुक्कामात नुट्झेल यांनी त्यांना मठात आणले. मठाध्यक्षेचे मन वळवता येईल, ही त्यामागची आशा होती.

झाले वेगळेच. देवाची कृपा हाच माणसाचा आधार आहे, आपली कर्मे नव्हेत, असे मेलांख्टन म्हणाले, तेव्हा कारितास यांनी सांगितले की आम्हीही आमच्या कर्मांवर नव्हे, कृपेवरच विसंबून आहोत. मग मेलांख्टन यांनी मान्य केले की व्रतांवर भरवसा न ठेवता राहिले, तर मठातही तितकेच तरता येते जितके संसारात. मतभेद उरला तो एकच: व्रत बंधनकारक आहे की नाही. त्यांच्या मते नाही. कारितास यांच्या मते देवाला दिलेला शब्द पाळायलाच हवा. दोघेही एकमेकांविषयी आदर बाळगून वेगळे झाले. साधूंना काढून टाकणे आणि मुलींना बळाने ओढून नेणे योग्य नव्हते, हे मेलांख्टन यांनी मठाचे पालक नुट्झेल यांना स्पष्ट सांगितले. दुसऱ्या बाजूचा माणूस इतका समजूतदार असू शकतो, याचे समाधान कारितास यांनी आपल्या लेखनात मोकळेपणाने नोंदवले आहे.

यानंतर बळाचा वापर थांबला. त्याचे सगळे श्रेय मेलांख्टन यांना देता येणार नाही. न्यूरेंबर्ग हे साम्राज्याचे मुक्त शहर, म्हणजे थेट सम्राटाच्या अखत्यारीतले, होते, सम्राट चार्ल्स पाचवा कॅथलिक होता, आणि सम्राटाला उघड निमित्त मिळेल असे काही करणे नगरसभेला परवडणारे नव्हते. १४ जूनचा देखावा शहरातही सर्वांना रुचला नव्हता. आणि आतल्या स्त्रिया शेवटी त्यांच्याच घरच्या होत्या.

निवाडा आणि त्याचे परिणाम

नगरसभेने ठरवले की आहेत त्या भगिनींनी मरेपर्यंत मठात राहावे, पण एकाही नव्या मुलीला प्रवेश देऊ नये. कागदावर ही तडजोड दिसते, आणि अनेकदा तिचे वर्णन सहिष्णुता म्हणूनच केले जाते. मला ते मान्य करता येत नाही. मठाला इमारत, जमीन आणि उत्पन्न लागते, पण तो जगतो तो नव्याने येणाऱ्या मुलींवर. त्यांना लॅटिन स्तोत्रे शिकवायची, आधीच्या भगिनींची हकिकत सांगायची, आजारी म्हातारीच्या उशाशी बसवायचे, आणि एक दिवस किल्ल्या त्यांच्या हाती द्यायच्या, अशीच ही परंपरा १२७९ पासून चालत आली होती. नगरसभेने एकीलाही रस्त्यावर आणले नाही; तिने फक्त यापुढचा काळ काढून घेतला. १२७४ च्या धर्मपरिषदेनेही नवी भरती रोखूनच लहान संघ मिटवायचे ठरवले होते. तेव्हा या घराला दुसरा नियम स्वीकारून वाट काढता आली. १५२५ नंतर तशी वाट ठेवली गेली नाही.

या अवस्थेत मठ किती घट्ट राहिला, याचा पुरावा एका आकड्यात आहे. दार उघडे असताना, बाहेर मालमत्तेचा वाटा आणि नवे आयुष्य मिळत असताना, स्वतःच्या इच्छेने मठ सोडणारी भगिनी एकच निघाली: अन्ना श्वार्त्स, १५२८ मध्ये. कारितास यांनी १५२४ ते १५२८ या काळातला पत्रव्यवहार, निवेदने, संभाषणे आणि घटना क्रमाने लावून नोंदवून ठेवल्या. लॅटिनची मनाई झालेल्या या विदुषीने हे सारे जर्मनमध्ये केले, आणि त्यामुळेच या संघर्षाची मठाच्या बाजूने सांगितलेली हकिकत आज आपल्या हाती आहे. ती पहिल्यांदा छापली गेली १८५२ मध्ये.

आतले दिवस केवळ शोकाचे नव्हते. १५२९ मध्ये कारितास यांच्या मठाध्यक्षपदाला पंचवीस वर्षे झाल्याचा सोहळा मठाने साजरा केला. विलिबाल्ड यांनी त्यासाठी घरून सामान पाठवले. त्यांची मुलगी काटारिना याच मठात भगिनी होती. तिने वडिलांना लिहिलेल्या पत्रातून कळते की भगिनींनी त्या दिवशी नाचही केला. मिस्सा नसलेल्या चर्चच्या बाजूला, वाढत्या वयाच्या स्त्रियांनी धरलेला तो फेर डोळ्यांसमोर आणला की त्यांच्या चिकाटीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

विलिबाल्ड आरंभी ल्यूथर यांच्या बाजूने झुकले होते, पण बहिणींच्या आणि मुलींच्या वाट्याला आलेला छळ पाहून त्यांचे मन बदलले. १५३० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी मठाच्या बचावासाठी एक सविस्तर निवेदन लिहिले. नगरसभेचा निर्णय त्याने बदलला नाही.

कारितास १९ ऑगस्ट १५३२ रोजी वारल्या. त्यांच्यानंतर त्यांची सख्खी बहीण क्लारा मठाध्यक्षा झाली आणि काही महिन्यांतच तीही गेली. १५३३ मध्ये भगिनींनी विलिबाल्ड यांच्या मुलीला, काटारिनाला, निवडले. ती १५६३ पर्यंत या पदावर होती. या तीस वर्षांत तिने भगिनींना एकामागून एक पुरले, हिशेब राखले, नगरसभेशी पत्रव्यवहार चालू ठेवला, आणि एकाही मुलीला दीक्षा दिली नाही.